रक्तावरची हवा

९ जानेवारी

ताई,

मागचं पत्र न फोडता परत आलं. पाकिटावर तुझं अक्षर : ‘घ्यायचं नाही.’ अक्षर तिरकं आहे, म्हणजे पोस्टमनसमोर दारात उभं राहूनच लिहिलं असणार. म्हणून हे आईच्या पिशवीतून पाठवते आहे. ती तुझ्या स्वयंपाकघरात ठेवून येईल. फोडायचं की नाही ते तू ठरव. आईला मात्र बोलू नकोस. या वयात तिला आपल्या दोघींमध्ये निरोप्याचं काम लागलं आहे आणि ते तिला जमत नाही. तू ‘मरू दे तिला’ म्हणालीस की ती मला येऊन सांगते, ‘ताईनं तुझी चौकशी केली.’

आधी जुनं एकदा लिहून टाकते. भावोजींच्या रक्ताच्या बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत आल्या त्याच दिवशी मी साहेबांना लेखी दिलं, की हा माझ्या बहिणीचा नवरा आहे, मला या कामातून बाजूला ठेवा. नियम तसा आहे. नियम नसता तरी मी तेच केलं असतं. रक्त दुसऱ्यानं तपासलं. अहवाल दुसऱ्यानं लिहिला. आकडा मी वाचला तो तुझ्यासारखाच, पेपरात. अडुसष्ट. कायद्याला चालतो त्याच्या दुपटीहून जास्त. खाली लिहिलं होतं, कारखान्याची बस कालव्यात, चालक दारूच्या नशेत, दोन कामगार ठार. चालकही ठार, हे शेवटच्या ओळीत.

तू आईच्या घरी सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘त्यांना कालव्यानं नाही मारलं, हिच्या बाटलीनं मारलं.’ मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं, लाज वाटली म्हणून. लाज नव्हती. तेव्हा मला आकडा बरोबर वाटत होता.

आपलं शेवटचं धड बोलणं बस कालव्यात गेली त्या सकाळचं आहे. फोन तू केला होतास. शेजारच्यांनी दाराला ऑइलपेंट लावला होता. तू म्हणालीस, ‘वासानं डोकं उठलंय गं. दार लावलं तरी फटीतून येतोय. मेल्यांना ऐन मे महिन्यातच रंग सुचतो.’ भावोजी नुकतेच कामावर निघाले होते. मी जिन्यात होते, घाईत. ‘नंतर करते’ म्हणाले. त्या ‘नंतर’च्या आधी तो कालवा आला.

आता लिहायचं कारण. त्या आकड्यात काहीतरी बिघाड आहे, असं मला दिसलं आहे. काय ते अजून नक्की नाही. आशा लावून घेऊ नकोस. असं लिहिलं की माणूस हमखास लावून घेतो हे मला कळतं, पण दुसरं कसं लिहायचं ते कळत नाही.

– धाकटी


२७ जानेवारी

ताई,

आई म्हणाली, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि डब्यांच्या मागे ठेवलंस. फाडलं नाहीस. मला तेवढं पुरे आहे.

माझ्या कामाचं तुला नेहमी हसू यायचं. ‘आमची धाकटी रक्ताचा वास घेते, त्याचा पगार मिळतो तिला,’ असं तू शेजारणींना सांगायचीस. ते खरंच आहे. आम्ही थोडं रक्त छोट्या काचेच्या बाटलीत घालतो, टोपण चिमटून घट्ट बसवतो आणि बाटली गरम करतो. रक्तातलं जे उडण्यासारखं आहे ते उडून वरच्या रिकाम्या जागेत साठतं. सुई रक्ताला हात लावत नाही. ती रक्तावरची हवा घेते. ती हवा एका लांबलचक, केसाएवढ्या बारीक नळीतून जाते. नळीच्या आत एक लेप असतो. त्याला कुणी जास्त चिकटतं, कुणी कमी. म्हणून प्रत्येक जण आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर एकेक शिखर उमटतं. शिखर जेवढं मोठं, तेवढा तो पदार्थ जास्त.

तूही हेच करायचीस. भावोजींनी दारू सोडल्यापासून तू त्यांना रोज कामावर निघताना दारात अडवायचीस. ‘हा करा.’ ते डबा हातात धरून ‘हाऽ’ करायचे. तू नाक पुढे करून वास घ्यायचीस, मग बाजूला व्हायचीस. मी एकदा तिथे होते. ते मला डोळा घालून म्हणाले, ‘तुमच्या यंत्राला परवाना लागतो ना? हिला लागत नाही.’ तू म्हणालीस, ‘गप्प बसा, परत हा करा.’ दोनदा तू त्यांना घरी ठेवून घेतलंस आणि कंपनीत कळवलंस, ताप आहे. तुझं यंत्र चांगलं होतं, ताई. हे टोमणा म्हणून लिहीत नाही.

आता आमच्या यंत्राचं. सुई दर वेळी तंतोतंत तेवढीच हवा घेत नाही. कधी रबराची चकती झिजलेली असते, कधी टोपण सैल बसतं. म्हणून प्रत्येक बाटलीत आम्ही आपल्या हातानं दुसऱ्याच एका अल्कोहोलचं ठरावीक माप घालतो. पुस्तकात त्याला इंटर्नल स्टँडर्ड म्हणतात, आम्ही साक्षीदार म्हणतो. सगळ्यांत सारखाच घातलेला, त्यामुळे त्याचं शिखर सगळीकडे सारखंच यायला हवं. सुईनं हवा कमी घेतली तर दोन्ही शिखरं सारखीच कमी होतात. दारूच्या शिखराला साक्षीदाराच्या शिखरानं भागलं की चूक निघून जाते. हा भागाकार संगणक करतो. साक्षीदाराकडे वेगळं कुणी बघत नाही. बघायचं कारणच नसतं.

या वर्षी साहेबांनी मला मोजमापातली खोट शोधायच्या कामाला लावलं. बाहेरची माणसं तपासणीला येणार आहेत. आमच्या दारावर पाटी आहे, ‘आमचा आकडा बदलत नाही.’ ती साहेबांनी स्वतः सुचवली. मी चकत्या बदलल्या, नळीचं तोंड कापून साफ केलं, टोपणं चिमटायचं हत्यार नवं घेतलं. आणि एक काम केलं जे आधी कुणी केलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या सगळ्या नमुन्यांतला एकटा साक्षीदार घेतला आणि त्याचे ठिपके एका रेषेवर मांडले. ठिपके रेषेला धरून चालले होते. मे महिन्यात दोन ठिपके रेषेच्या बरेच वर. दोन्ही एकाच माणसाच्या दोन बाटल्यांचे. नाव नसतं, नंबर असतो. नंबर मला पाठ होता.

ज्यानं ते रक्त तपासलं त्याला सगळे ‘शंभर टक्के’ म्हणतात, कारण ते शब्द लावल्याशिवाय त्याचं वाक्य संपत नाही. मी त्याला ठिपके दाखवले.

तो म्हणाला, ‘साक्षीदार जास्त पडला असेल. माप टाकायची पिचकारी अडकते कधी कधी.’

‘दोन्ही बाटल्यांत? आणि दोन्हींत सारखाच?’

‘पण प्रत्येकीत तीनदा सुई मारली, दर वेळी अडुसष्ट आला. अडुसष्टच्या अडुसष्ट. शंभर टक्के बरोबर.’

‘तोच तोच आला म्हणजे बरोबर आला?’

‘मग काय वेगवेगळा यायला हवा होता? तुम्ही पण ना बाई.’

एकच खोटं सहादा न अडखळता सांगता येतं. आपल्या घरात हे कुणाला सांगायला नको.

– धाकटी


१६ फेब्रुवारी

ताई,

आईमार्फत तुझा निरोप मिळाला. ‘तो आकडा काढून टाक म्हणावं.’ आई म्हणाली, तू हे सांगताना तिला चहा करून दिलास. माझं नाव निघाल्यावर चहा झाला, ही वर्षातली पहिलीच वेळ.

म्हणून आजचं लिहायला जड जातंय.

भावोजींची एक बंद बाटली शीतपेटीत राखून ठेवलेली होती. मी साहेबांकडे परवानगी मागितली. मला हात लावता येत नाही, तेव्हा शंभर टक्क्यालाच उभं केलं. मी काचेच्या दाराबाहेर थांबले. त्याला म्हटलं, ‘या वेळी साक्षीदार घालू नको. नुसतं रक्त.’

‘मग भागणार कशानं?’

‘भागायचं नाही. नुसतं बघायचं आहे.’

दारूचं शिखर आलं. ते येणारच होतं. मग रेषा खाली गेली, सपाट झाली. आणि साक्षीदाराच्या ठरलेल्या वेळेला, जिथे काहीच यायला नको होतं तिथे, एक छोटं शिखर उभं राहिलं. आम्ही घातलाच नव्हता आणि तो आला. शंभर टक्क्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचे टक्के बाजूलाच राहिले. ‘हा आत कुठून आला?’

तो आतच तयार झाला होता. मी हे सावकाश लिहिते, तू सावकाश वाच. बस त्याच दिवशी बाहेर काढली, पण भावोजी सापडले ते चौथ्या दिवशी, खाली, जिथे कालव्याचं पाणी अडवतात तिथे. मे महिना. माणूस गेल्यावर शरीरातले जंतू थांबत नाहीत. ते रक्तातली साखर आंबवतात आणि त्यातून अल्कोहोलं तयार होतात, एक नाही, अनेक. आम्ही साक्षीदार म्हणून जो निवडला होता, तो नेमका त्यातलाच एक. साक्षीदार बाहेरचा असावा लागतो. हा घरचा निघाला.

आता अडचणीचं. साक्षीदार एक तृतीयांशानं फुगला होता. भागणारा फुगला की उत्तर लहान येतं. म्हणजे अडुसष्ट हा आकडा चुकीचा आहे, पण तुला वाटतं त्या बाजूनं नाही. कुजण्यातून कधीच तयार होत नाही असा दुसरा साक्षीदार घालून बघितलं. एक्क्याण्णव आला.

थांब. कागद चुरगळू नकोस. पुढचं वाच.

ज्या कुजण्यातून साक्षीदार तयार झाला, त्यातूनच दारूसुद्धा तयार होते, तीच, बाटलीत मिळते ती. त्या एक्क्याण्णवातलं त्यांनी किती प्यायलेलं आणि किती मेल्यावर झालेलं, हे त्या रक्तावरून कुणालाही सांगता येणार नाही. अडुसष्ट असताना आम्ही सांगितलं. सांगायला नको होतं. डोळ्यातला द्रव घेतला असता तर कदाचित सांगता आलं असतं, तो उशिरा कुजतो. डॉक्टरांनी घेतला नाही. का घेता आला नाही ते मी लिहीत नाही.

साहेबांना हे सगळं सांगितलं. ते कागद नीट वाचतात, हे मानायला हवं.

‘म्हणजे अडुसष्ट चूक.’

‘चूक.’

‘आणि एक्क्याण्णव बरोबर.’

‘मोजणी बरोबर. अर्थ काहीच नाही.’

‘शून्य प्यायले असतील?’

‘असतील.’

‘एक्क्याण्णव?’

‘तेही असेल.’

ते हसले. ‘बाई, अशा उत्तराला पगार देत नाहीत. आणि खरं सांगू? तुम्ही बहिणीची वकिली करायला निघालात आणि सरकारी वकिलाचं काम करून आलात. राहू द्या अडुसष्ट. त्यातल्या त्यात तुमच्याच फायद्याचा आहे.’

मी विचार करून सांगते म्हणाले. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

– धाकटी


११ मार्च

ताई,

आईनं निरोप आणला, ‘ताई म्हणते, दगदग करून घेऊ नकोस.’ मी म्हटलं, आई, खरं सांग. मग तिनं सांगितलं. ‘आकडा कमी होत नसेल तर तोंड बंद ठेव म्हणावं. लहानपणापासून तिला माझ्यापेक्षा एक मार्क जास्तच हवा असतो, आता माझ्या नवऱ्याच्या रक्तात पण हवाय.’

वाक्य चांगलं जमलं आहे. मला असं कधी जमलं नाही.

मी तोंड बंद ठेवलेलं नाही. गेल्या आठवड्यात सगळं लेखी दिलं. तू विचारशील, का. तो साक्षीदार आमच्याकडे कित्येक वर्षं वापरात आहे. उशिरा सापडलेली माणसं फक्त तुझ्याच घरची नसतात. विहिरीतली, बंद खोलीतली, रुळाकडेच्या गवतातली. त्यांच्याही मागे कुणीतरी आहे, आणि त्यांच्याही हातात आम्ही एकेक आकडा दिला आहे. त्यांच्यातल्या कुणाची बहीण इथे कामाला नाही, म्हणून त्यांनी परत विचारलंही नाही.

हे मोठं कारण झालं. लहान कारण हे की मला राहवत नाही. कागदावर चूक दिसली की ती मला दुसऱ्या कागदाखाली सरकवता येत नाही. तुला येतं. तू लहानपणी फुटलेली बशी पुन्हा नीट जुळवून फडताळात ठेवायचीस आणि जो पुढे हात लावेल त्याच्यावर यायचं. बहुतेक वेळा तो हात माझा असायचा.

मला हवं होतं ते एवढंच, की अहवालावर लिहावं : ‘सांगता येत नाही.’ बाकी काही नाही. ते मिळालं तर त्यांच्या नावावरची दारू पुसली जात नाही, पण लिहिलेलीही राहत नाही. मला वाटलं, तेवढं तुला चालेल. नसलेल्या निकालाबरोबर माणूस राहू शकतो, असं मला वाटत होतं. मी रोज राहते.

साहेबांनी विचारलं, ‘तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?’ मी म्हटलं, शिखराच्या. त्यांना विनोद वाटला. शंभर टक्के मात्र हसला नाही. त्यानं माझ्या सहीखाली सही केली. त्याला तसं करायची गरज नव्हती, उलट चूक त्याच्याच नावावर होती.

– धाकटी


९ एप्रिल

ताई,

सुधारलेला अहवाल बाहेर पडला. नियम असा निघाला, की सुधारणा करायची तर नवा आकडा लिहावाच लागतो. शेरा त्याच्याखाली. तो आम्ही लिहिला आहे, चार ओळींचा, स्वच्छ : शरीर कुजलेलं असल्यामुळे या आकड्यावरून मृत्यूपूर्वी मद्य घेतलं होतं किंवा नव्हतं, असा निष्कर्ष काढता येत नाही. पेपरात चार ओळींना जागा नव्हती. ‘चालकाच्या रक्तात आधी सांगितल्याहून जास्त मद्य.’ एवढीच बातमी.

काल तुझ्या थोरलीचा फोन आला. शाळेतून, कुणाच्या तरी फोनवरून. ‘मावशी, एक्क्याण्णव म्हणजे खूप का गं?’ मी म्हटलं, बाळा, त्या आकड्याला अर्थ नाही. ती म्हणाली, ‘मग लिहिला कशाला?’ मी तिला नियम सांगायला लागले. मग म्हणाली, ‘आईला सांगू नको हं मी फोन केला.’ तुझ्या घरात आता सगळेच एकमेकांना हे सांगतात.

परवा फाटकाशी एक बाई उभी होती. त्या दोघा कामगारांपैकी एकाची बायको. मी कोण ते तिला माहीत नव्हतं, बिल्ला बघून थांबवलं. ‘बाई, आकडा वाढला म्हणे. बरं झालं. आता कुणी म्हणणार नाही की आमचेच बसमध्ये मस्ती करत होते.’ तिनं माझे हात धरले. मी सोडवून घेतले नाहीत.

आणि तुझा फोन. वर्षानंतर पहिला. मी हॅलो म्हणायच्या आत तू म्हणालीस, ‘वाढवून आलीस?’ आणि ठेवलास.

बाहेरच्या तपासणीवाल्यांना माझं काम फार आवडलं. मला गुच्छ मिळाला. साहेबांनी भाषणात सांगितलं की आमच्या मोजणीचा दर्जा यामुळे उंचावला. दारावरची पाटी तशीच आहे.

आता मी विचारते. इतके दिवस विचारलं नव्हतं.

त्या सकाळचं तू सगळं सांगितलं आहेस. पोलिसांना, कंपनीला, आईला, जो भेटेल त्याला. शर्ट कुठला होता. डबा विसरले म्हणून जिन्यातून परत आले. धाकट्याच्या डोक्यावर टपली मारली. बुटाची नाडी तुटली होती. ‘देवाशपथ, त्यांनी थेंब घेतला नव्हता.’ हे सगळं मी शंभरदा ऐकलं आहे. एक गोष्ट एकदाही ऐकली नाही. ‘मी वास घेतला होता,’ असं तू कधीच म्हणाली नाहीस.

रोज घेत होतीस. अंगात ताप असताना घेत होतीस, पाहुणे घरात असताना घेत होतीस. नवरा मेला, त्याच्यावर आळ आला, तर बायको पहिलं वाक्य काय बोलेल? ‘मी स्वतः वास घेऊन सोडलं होतं.’ एवढ्या एका वाक्यानं तू आमच्या सगळ्या यंत्रांच्या तोंडात मारली असतीस. बोलली नाहीस. मी वाट बघत राहिले.

मला हेही ठाऊक आहे की कंपनीनं त्यांना शेवटची ताकीद दिली होती. आणखी एक खाडा आणि नोकरी गेली. आईनं सांगितलं, चुकून. आणखी एकदा ‘ताप आहे’ म्हणायची सोय राहिली नव्हती.

ताई, आमच्याकडे जे रक्त आलं ते उशिराचं होतं. त्यावरून मी किंवा दुसरं कुणी काहीही सांगू शकणार नाही. ताजं मोजमाप या जगात एकाच माणसानं केलं. दारात, ते निघताना. काय आलं होतं?

– धाकटी


३० एप्रिल

ताई,

आईचा फोन आला. तिनं आधी हवापाण्याचं विचारलं, म्हणजे निरोप होता.

‘ती म्हणते, त्या दिवशी तिला सर्दी होती.’ मग थांबली. ‘नाक बंद होतं म्हणते. हा करायला लावलं, पण काही कळलं नाही.’ पुन्हा थांबली. ‘एवढंच म्हणाली. मग भांडी घासायला बसली. घासलेलीच होती, तरी.’

आईनं या वेळी निरोपात काही बदललं नाही. शब्द तुझेच होते. थांबण्याच्या जागाही.

आमच्यात असं आहे, की यंत्र बंद असताना आलेला शून्य हा शून्य धरत नाहीत. ‘निकाल नाही’ असं लिहितात. तेव्हा तुझ्याकडेही निकाल नाही. वर्षभर भांडून आपण दोघी एकाच ओळीवर आलो. त्या चार ओळींचा शेरा तुला आता वेगळा वाचता येईल.

तू रंगाचं नाव घेतलं असतंस तर मी एक शब्द बोलले नसते. ऑइलपेंटच्या उग्र वासाखाली दुसरा वास बुजतो. हे होतं. आमच्याकडे एका शिखराखाली दुसरं दडतं, रोजचं आहे. मी मान्य केलं असतं. पण तू सर्दी म्हणालीस.

आईनं विचारलं, ‘मग काय सांगू तिला?’

‘सांग, कळलं.’

‘तेवढंच?’

‘तेवढंच.’

‘काहीतरी बरं बोल ना गं. बहीण आहे.’

‘हेच बरं आहे, आई.’

तर सर्दी होती. मी तसं धरून चालते. न तपासता धरलेली माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट आहे आणि ती मी पुन्हा उघडणार नाही. त्या सकाळच्या फोनबद्दल मी आईजवळ बोललेली नाही. कुणाजवळच बोलणार नाही. थोरली मोठी होईल, शोधाशोध करील, मुली करतात.

माझं जानेवारीचं पत्र तुझ्या डब्यांमागे आहे. त्यात शेजारच्यांच्या दाराचं लिहिलं आहे, आणि त्या वासानं तुझं डोकं उठल्याचं. ते फाडून टाक.

– धाकटी